शिवाजी सिलै

चेन्नईत नवा होतो तेव्हाची गोष्ट. जुलै 2006. घरमालकीण मामी जिन्यात भेटल्या (आजूबाजूचे सगळे त्यांना मामीच म्हणायचे, मीही म्हणायला लागलो होतो) आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "शुक्रवारी मरीनावर शिवाजीच्या पुतळ्याचं अनावरण आहे. येतोस का?"

माझी छाती दोन इंच फुगली. मद्रासच्या समुद्रावर महाराज! मी लगेच विचारलं, "घोड्यावर आहेत का?"

मामींना काही कळेना. "घोडा? घोडा कशाला?"

तर हे शिवाजी म्हणजे शिवाजी गणेशन. तमिळ सिनेमाचे 'नडिगर तिलगम', म्हणजे नटांमधले तिलक. 21 जुलै 2001 ला गेले. त्यांच्या पाचव्या स्मृतिदिनी पुतळा (तमिळमध्ये 'सिलै') बसत होता. माझा चेहरा पडलेला पाहून मामींनी जी गोष्ट सांगितली, ती मला शाळेत कुणी सांगितली नव्हती. स्वातंत्र्याच्या आधी सी. एन. अण्णादुरैंनी (हेच पुढे तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले) महाराजांवर तमिळमध्ये नाटक लिहिलं. विषय राज्याभिषेकाचा. गागाभट्टांचं काम स्वतः अण्णादुरैंनी केलं, आणि महाराज झाला गणेशन नावाचा एक कोवळा पोरगा. ते काम पाहून द्रविड चळवळीचे नेते पेरियार म्हणाले, हा आजपासून शिवाजी. झालं. विळुप्पुरम चिन्नैया गणेशनचा शिवाजी गणेशन झाला तो कायमचा.

आपल्याकडे महाराजांची भूमिका करणाऱ्या नटाच्या लोक पाया पडतात. तिकडे नटाला थेट नावच देऊन टाकलं आणि त्यानेही ते पन्नासेक वर्षं निभावलं. आपल्याला याचा पत्ता नसावा याची मला तेव्हाही लाज वाटली, आजही वाटते.

अर्धी रजा टाकून मामींबरोबर गेलो. गर्दी म्हणजे काय विचारू नका. पुतळा राधाकृष्णन सालै (सालै म्हणजे रस्ता) जिथे कामराजर सालैला मिळतो त्या चौकात, समोर गांधीजींचा पुतळा, त्यापलीकडे वाळू आणि समुद्र. आम्हाला दिसली ती फक्त माणसांची डोकी. मामींनी पुतळ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला होता, त्यांना पुढे जाताच येईना. शेवटी तो त्यांनी बांबूच्या कठड्याला गुंडाळला आणि तिथेच हात जोडले.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. हातात सुंडलचा, म्हणजे उकडून फोडणी दिलेल्या वाटाण्यांचा, कागदी कोन. अचानक त्यांनी डोळे मिटले आणि तमिळमध्ये काहीतरी धडाधडा बोलायला लागले. एका दमात, चढत्या आवाजात. हात उडत होता तसे कोनातले वाटाणे खाली सांडत होते. आजूबाजूचे लोक गप्प. मामी कानात म्हणाल्या, "पराशक्ती. कोर्टाचा सीन." 1952 चा सिनेमा, गणेशनांचा पहिलाच. आणि त्याचे संवाद कुणाचे? एम. करुणानिधींचे. म्हणजे त्या दिवशी जे मुख्यमंत्री पुतळ्याचं अनावरण करत होते, त्यांचेच. ज्याने शब्द लिहिले तो चोपन्न वर्षांनी ते बोलणाऱ्याच्या पुतळ्यावरचा पडदा काढतोय, आणि गर्दीत एक माणूस ते शब्द पाठ म्हणतोय. मधल्या काळात दोघांचे राजकीय रस्ते कधीच वेगळे झाले होते. त्या म्हाताऱ्याला त्याचं काही नव्हतं. संवाद संपला, त्याने कोनात बोट घालून पाहिलं, रिकामा. मग कोन चुरगळून खिशात टाकला.

आता मुद्द्याचं. तो पुतळा आज तिथे नाही. वाहतुकीला अडथळा होतो म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं आणि ऑगस्ट 2017 मध्ये एका रात्रीत तो उचलला. चेन्नईच्याच अड्यार भागात सरकारने त्यांचं स्मारक बांधलं, तिथे तो नेला. 1 ऑक्टोबरला, त्यांच्या जयंतीला, स्मारकाचं उद्घाटन झालं. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या वळणावर मी स्वतः दुचाकीवरून दोनदा थोडक्यात वाचलोय. पण चौकात पुतळा बसवायची बुद्धी कुणाची? आणि हलवायचाच होता तर रस्ता ओलांडून फुटपाथवर का नाही? मरीनाच्या त्या फुटपाथवर पुतळ्यांची रांगच आहे. कण्णगी (शिलप्पदिकारम या तमिळ महाकाव्याची नायिका) तर 2001 मध्ये काढली आणि 2006 मध्ये, या अनावरणाच्या दीडेक महिना आधी, परत आणून बसवली. तिला जागा मिळते, मग यांना का नाही?

स्मारक वाईट नाही, मी जाऊन आलोय. पण तिथे मुद्दाम जावं लागतं. मरीनावर लोक मुलांना घेऊन भजी खायला येतात, आणि येताजाता "हा कोण?" असं पोर विचारतं. नटाला असंच वाटेत भेटता आलं पाहिजे. ज्याला मुळातच माहीत आहे तोच अड्यारला जाणार.

गेल्या वर्षी कामानिमित्त परत चेन्नईला गेलो होतो. मामी आता मुलीकडे असतात, भेट झाली नाही. संध्याकाळी रिक्षात बसलो आणि सवयीने बोलून गेलो, "शिवाजी सिलै." जीभ चावली. रिक्षावाला विशीतला, त्याला काय कळणार. पण त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. राधाकृष्णन सालैच्या टोकाला आणून बरोबर त्या चौकात रिक्षा थांबवली आणि म्हणाला, "उतरा, आलं."