एलियाहूच्या बायकोला घटस्फोट लागतो का?

दान्याने सांगितलं एवढंच होतं, की इस्रायलमध्ये, अश्दोदला, त्याच्या बहिणीच्या बिल्डिंगमधले एक म्हातारे गेले आणि रडारडीच्या आधी भांडण सुरू झालं. म्हाताऱ्यांचा धाकटा मुलगा चार वर्षांपूर्वी मुलगी झाला होता. म्हणजे झाली होती. यहुद्यांमध्ये बापासाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायची ती मुलाने. मग हिने म्हणायचं की नाही? आणि म्हणायचंच तर सिनेगॉगमध्ये बायका-पुरुषांमधल्या पडद्याच्या कुठल्या बाजूला उभं राहून?

शुक्रवारची संध्याकाळ, ठाण्यातल्या तलावपाळीचा आमचा नेहमीचा कट्टा. कटिंग अजून आलं नव्हतं, तोवर बापूंनी निकाल देऊन टाकला. बापू कोर्टात एकतीस वर्षं होते, निकाल द्यायची संधी तिथे कधी मिळाली नाही, ती भरपाई ते इथे करतात.

"जुन्या करारात स्वच्छ लिहिलंय. बाईने पुरुषाचे कपडे घालू नयेत, पुरुषाने बाईचे. संपलं."

"जुना करार ख्रिस्ती लोकांचा, बापू. आमची तोरा," दान्या म्हणाला. "आणि आमच्यात 'संपलं' असं काही नसतं. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी त्या ओळीवर म्हणतो, की वेष बदलून बायकांच्या घोळक्यात शिरायचं, व्यभिचार करायचा, त्याला ही बंदी आहे. कपड्यांपाशी वाद फार अडत नाही. खरी अडचण पुढे आहे. तोरेत खच्चीकरणाला मनाई आहे. माणसाचं तर नाहीच, बैलाचंही नाही."

"मग तुम्ही शनिवार तेली ना? घाण्याला काय सांड जुंपायचात?"

दान्या हसला. "हे पणजोबांना विचारायला हवं होतं."

ठाण्याबाहेरच्या वाचकांसाठी: दान्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. टेंभी नाक्याजवळचं त्यांचं सिनेगॉग १८७९ चं आहे. दान्या अकरा वर्षं इस्रायलमध्ये नोकरी करून परत आला, तिथे हिब्रू शिकला आणि येताना वाद घालायची सवय घेऊन आला. सवय आधीपासून होती, असं त्याची बायको म्हणते.

मीनलने तेवढ्यात मोबाइल पुढे केला. एक रील. यहुदी धर्माने दोन हजार वर्षांपूर्वीच आठ लिंगं मान्य केली होती म्हणे, खाली इंद्रधनुष्याचे झेंडे. "बघ, तुमचे लोक किती पुढे होते!"

मला वाटलं दान्या खूश होईल. तो वैतागला.

"अर्धं खरं आहे, म्हणून जास्त त्रास होतो. मिश्ना आणि तालमुद या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथांमध्ये स्त्री-पुरुषाखेरीज आणखी शब्द आहेत. अँड्रोगिनोस, म्हणजे दोन्ही खुणा असलेला. तुमतुम, म्हणजे ज्याची खूण झाकलेली आहे, काहीच कळत नाही असा. पण हे सगळं शरीराबद्दल आहे. मन एक सांगतंय आणि शरीर दुसरं, या माणसाचा प्रश्न तिथे मांडलेलाच नाही. उगाच त्यांच्या तोंडी आपली वाक्यं घालू नका."

"मग त्या शब्दांचा उपयोग काय?" मीनलने विचारलं.

"उपयोग असा, की त्यांनी यादी केली. मिश्नाच्या बिक्कुरीम नावाच्या भागात अँड्रोगिनोसबद्दल लिहिलंय, की काही बाबतीत तो पुरुषांसारखा, काही बाबतीत बायकांसारखा, काही बाबतीत दोघांसारखा आणि काही बाबतीत कुणासारखाच नाही. कपडे पुरुषांचे घालायचे. पण एकांतात बायकांबरोबर राहायचं नाही आणि पुरुषांबरोबरही नाही. लग्नात त्याने बायको करायची, त्याला कुणी बायको करायची नाही. त्याला मारलं तर शिक्षा तीच, जी कुणालाही मारल्यावर होते. आणि शेवटी योसे नावाचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, म्हणतात, ही स्वतंत्रच निर्मिती आहे, स्त्री की पुरुष हे ऋषींना ठरवता आलं नाही."

दान्या 'ऋषी' म्हणाला, मी तसंच ठेवलंय.

बापू गप्प होते. "ठरवता आलं नाही," हे वाक्य त्यांना आवडलं असावं. न ठरवता तारखा देत राहणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. मग त्यांना त्यांच्या लायकीचा मुद्दा सापडला.

"बरं, हे सांग. तुमच्यात घटस्फोट नवराच देतो ना? लेखी? आता समजा नवराच बाई झाला. घटस्फोट देणार कोण? बाई तर देऊ शकत नाही. नाही दिला तर बायको जन्मभर लटकलेली. दिला तर कागद बेकायदा. बोल!"

चहा आला होता. दान्याने ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि हात चोळले.

"जेरुसलेममध्ये रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग म्हणून होते, २००६ साली गेले. शआरे त्सेदेक हॉस्पिटलचे रब्बी. डॉक्टर लोक अडले की यांच्याकडे. यांनी हा प्रश्न साठच्या दशकात हाताळलाय. आणि उत्तरासाठी आधार कुठला घेतला, माहितीये? एलियाहूची बायको."

"आपला एलियाहू?" सुध्या एकदम जागा झाला. दान्याच्या घरचा मलिदा खायला सगळ्यात आधी हा हजर असतो, आणि तो मलिदा एलियाहू हनबी या संदेष्ट्याच्या नावाचा. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकात त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. आम्ही सगळे एकदा तिथे जाऊन आलोय, परतीच्या वाटेवर सुध्याला गाडी लागली होती.

"तोच. तो मेला नाही, जिवंतपणी स्वर्गात गेला. मग पंधराव्या शतकात प्रश्न निघाला, की त्याची बायको मोकळी कशी होणार? विधवा नाही, घटस्फोट नाही. उत्तर आलं, की परपुरुषाची बायको निषिद्ध आहे, देवदूताची बायको नाही. नवरा माणूसच उरला नाही, तर लग्न आपोआप सुटलं. वाल्डेनबर्गनी तोच धागा पकडला. नवरा पुरुषच उरला नाही, तर बाईला बाईची बायको कशी म्हणणार? कागदाची गरज नाही."

बापूंनी चहाचा घोट घेतला. "वकील चांगला होता," ते म्हणाले. यापेक्षा मोठी पदवी त्यांच्याकडे नाही.

"म्हणजे ऑर्थोडॉक्स, परंपरेला चिकटून राहणाऱ्या लोकांनी मान्य केलं?" मीनलने विचारलं.

"नाही ना. एकट्या वाल्डेनबर्गवरून सगळ्यांचं ठरवू नकोस. ऑर्थोडॉक्सांमधले बहुतेक जाणकार म्हणतात, शस्त्रक्रिया करूच नये आणि केली तरी जन्माचं लिंग बदलत नाही. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात, त्यात कोण मोजायचा ते जन्मावरून. उलट बाजूचे म्हणतात, माणूस या घुसमटीने जीव द्यायला निघाला असेल तर जीव वाचवायला शब्बाथसुद्धा, म्हणजे शनिवारची सक्तीची विश्रांतीही, मोडता येतो, मग हे का नाही? अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह, म्हणजे मधल्या पंथाच्या, रब्बींच्या समितीने २००३ मध्ये सांगितलं, शस्त्रक्रिया झाली की नवं लिंग मानू. २०१७ मध्ये आणखी पुढे गेले. माणूस स्वतःला जे सांगतो, ते धरा. रिफॉर्मवाल्यांनी, म्हणजे सुधारक पंथाने, तर २००६ मध्ये उघडपणे ट्रान्सजेंडर असलेल्या इलियट कुकला यांना रब्बी केलं."

"आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ लाच सांगितलं, ज्याचं त्याने ठरवावं," बापूंनी नोंद करून घेतली. अर्ध्या तासापूर्वीचा स्वतःचा निकाल त्यांना आठवत नव्हता. आम्हीही आठवण करून दिली नाही.

"मुंबईत आहेत का रे असे सुधारक?" मी विचारलं.

"भायखळ्याला रोदेफ शालोम सिनेगॉग. १९२५ पासून. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड यांनी सुरू केलं. बाईंनी! पण तिथेही आता माणसं किती उरलीत, ते विचारू नकोस."

सुध्या मघापासून धुमसत होता. "मला एक कळत नाही. ती पोरगी बापाची आहे की नाही? आहे. मग म्हणू दे ना तिला प्रार्थना. रब्बीला मध्ये विचारायचं कशाला?"

इथे दान्याचा आवाज बदलला. 

"विचारायला लागतं, कारण ज्याच्या हातात रजिस्टर असतं तो विचारतोच. माझी आत्या १९६२ मध्ये इस्रायलमध्ये लग्नाला उभी राहिली. तेव्हा रब्बींच्या वरच्या पीठाचा हुकूम होता, की बेने इस्राएल असेल तर आई, आजी, पणजीपर्यंत तपासा. यांच्यात घटस्फोट नीट झाले होते की नाही, कोण जाणे. आत्या नवगावची. पणजीचा कागद कुठून आणणार? टेबलापलीकडचा माणूस तिला सभ्यपणेच म्हणाला, तू यहुदी नाहीस असं मी म्हणत नाही, फक्त मला खात्री नाही. आत्या हे वाक्य मरेपर्यंत हिब्रूतच सांगायची. मराठीत कधी सांगितलं नाही. आपल्या लोकांनी धरणं धरलं, उपोषणं केली, तेव्हा १९६४ मध्ये त्यांच्या संसदेने ठराव केला, हे पूर्ण यहुदी आहेत. म्हणून मला त्या रीलचा राग येतो आणि बापूंच्या 'संपलं'चाही येतो. दोघांनाही खात्री आहे."

"अरे, पण दोन्ही गोष्टी एक नाहीत," मीनल म्हणाली. "तुझ्या आत्याला कोणी शरीर बदलायला..."

"नाहीतच. मी कुठे म्हटलं एक आहेत? टेबल एक आहे."

मला विचाराल तर मीनलचा मुद्दा बरोबर होता, आणि तरी तो बोलून झाल्यावर तिलाच तो पुरेसा वाटला नाही. ती मोबाइल पर्समध्ये टाकून तळ्याकडे बघत बसली.

"त्या पोरीचं काय झालं शेवटी?" सुध्याने विचारलं.

"दफनभूमीत पडदा नसतो. तिथे तिने कद्दिश म्हटलं. बहीण सांगत होती, एक-दोघं मागे सरकले, बाकीच्यांनी आमेन म्हटलं. पण कद्दिश अकरा महिने म्हणायचं असतं. सिनेगॉगचं अजून ठरायचंय."

दान्याचा फोन वाजला. तो दोनदा "हो" म्हणाला आणि उठला.

"नऊच आलेत. जातो मी."

"आणि दहावी ती असती तर?" बापूंनी पाठीमागून विचारलं.

दान्या स्कूटर वळवत होता. त्याने हेल्मेट घातलं, काच खाली ओढली. आत तो काहीतरी बोलला, पण जांभळी नाक्याच्या हॉर्नमध्ये आम्हाला ऐकू आलं नाही. चहाचे पैसे त्या दिवशी बापूंनी दिले.