पान आधी सजवा, परीक्षण होईल मागाहून

मीडियाच्या प्रोजेक्टसाठी पाच मिनिटांची शॉर्टफिल्म करून झाली आणि आता तिचंच परीक्षण मासिकाच्या समोरासमोरच्या दोन पानांवर मांडायचंय? अभिनंदन! दिग्दर्शक तुम्ही, संकलक तुम्ही, समीक्षक तुम्ही आणि पानाची मांडणीही तुमचीच. इतकं निःपक्षपाती परीक्षण दुसरं कुणाला जमणार नाही.

आधी एक पथ्य पाळा. खरी मासिकं चाळू नका. १९३२ पासून निघणारं 'साइट अँड साउंड' आणि १९८९ मध्ये सुरू झालेलं 'एम्पायर' ही सिनेमाची दोन मासिकं शेजारी शेजारी उघडलीत तर घोळ होईल. एक निवांत, मजकूरप्रधान आणि दुसरं चित्रांनी, चौकटींनी, टोमण्यांनी गजबजलेलं. एकाच सिनेमाचं पान इतकं वेगळं का दिसतं, असा प्रश्न पडेल, मग आपला वाचक कोण हे ठरवावं लागेल. नसती उठाठेव. प्रोजेक्टसोबत द्यायच्या रिपोर्टमध्ये 'वाचकवर्ग : सर्व वयोगट' एवढं लिहा आणि कामाला लागा.

काम म्हणजे अर्थात फोटो. चित्रीकरण चालू असताना वेगळा कॅमेरा घेऊन स्थिरचित्रं काढणारे लोक असतात, त्यांना वेळ फार असतो. तुम्ही फिल्म थांबवा, स्क्रीनशॉट घ्या, झालं. फुल एचडी चौकट १९२० पिक्सेल रुंद असते. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ती जेमतेम १६ सेंटीमीटर पुरते आणि दोन ए४ पानं मिळून होतात ४२ सेंटीमीटर. हा हिशेब करणारे पुढे बँकेत जातात. तुम्ही कोपरा पकडा आणि ताणा. नायिकेच्या गालावर चौकोन दिसू लागले की त्याला जुन्या फिल्मवर दिसतो तसला 'ग्रेन' म्हणायचं. तोच स्क्रीनशॉट आधी व्हॉट्सॲपवरून तिघांकडे फिरून आला असेल तर आणखी कलात्मक.

चित्र ठेवताना चेहरा बरोबर मधोमध घ्या, म्हणजे जिथे दोन पानं जुळतात तिथे. स्क्रीनवर तिथे काहीच नसतं, फार तर एक बारीक रेघ. मासिक बांधल्यावर तिथे खोबण तयार होते आणि नाक तिच्यात जातं, ही अफवा छापखानेवाल्यांनी पसरवलेली आहे. पानाच्या कडेबाहेर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर चित्र जास्त ठेवा, असंही तेच सांगतात. कापताना ब्लेड जरासं सरकलं तर पांढरी पट्टी दिसते म्हणे. दिसू दे. तिला फ्रेम म्हणा.

आता मथळा. तो चित्रावरच हवा, आणि चित्रातलं आकाश पांढरं असेल तर अक्षरंही पांढरीच हवीत. वाचता येत नसेल तर सावली द्या. तरीही नाही? त्या सावलीला चमक द्या. देवनागरी अक्षरांमधलं अंतर वाढवलं की पान 'इंटरनॅशनल' दिसतं, असं कुणीतरी सांगितलेलं असतंच. ते जरूर ऐका. शिरोरेषा तुटेल आणि दोरी कापल्यावर वाळत घातलेले कपडे दिसावेत तसा मथळा दिसेल, पण नजर तर खिळेल! ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीला असतं तेवढंच ठेवा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत गुंतल्या तर बिघडलं कुठे? सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सोय चालू करायला तर विसराच. वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, जोडाक्षरांचे पाय मोडतात आणि वाचकाचा सहभाग आपोआप वाढतो.

मजकुराची जागा तात्पुरती 'लोरेम इप्सम' या नुसत्या जागा भरणाऱ्या निरर्थक मजकुराने भरा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिन तत्त्वज्ञानाची मोडतोड करून तो तयार झाला आहे. मूळ उतारा दुःखाबद्दल आहे, तेव्हा तुमच्या फिल्मशी त्याचा अगदीच संबंध नाही असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या पानाच्या तिसऱ्या कॉलमात तो शेवटपर्यंत राहिला तरी चिंता नको. तिथवर कुणी पोहोचत नाही, खुद्द तुम्हीही पोहोचला नव्हता.

तरीही खरोखरीचं परीक्षण लिहायची वेळ आलीच, तर गोष्ट सांगा, अगदी शेवटासकट. उरलेल्या जागेत छायाचित्रण अप्रतिम, अभिनय सहजसुंदर, संगीत साजेसं. कोणता शॉट, तो का लांबवला, तिथे आवाज का बंद केला, यातलं काही लिहू नका. हे सगळं खरं तर तुम्हालाच ठाऊक आहे आणि तुमच्याइतकं नेमकं दुसरं कुणी लिहूही शकत नाही. म्हणूनच टाळायचं, नाहीतर समीक्षक आणि दिग्दर्शक एकच आहे हे उघडं पडेल. मधल्या चौकटीत ठळक टाइपात एक जबरदस्त वाक्य टाका. ते लेखात कुठेही नसलं तरी चालतं.

आणि तारे! न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'ने १९२८ मध्ये सिनेमांना तारे द्यायला सुरुवात केली तेव्हा जास्तीत जास्त तीन मिळत. तुम्ही पाचाच्या मोजपट्टीवर साडेचार द्या. पाच दिले तर लोक म्हणतील घरचं कार्य आहे. अर्धा कापला की न्यायनिष्ठुर. तो कापण्याचं कारण म्हणून 'ध्वनी अधिक सुस्पष्ट हवा होता' असं लिहा, म्हणजे ध्वनी सांभाळणारा मित्र सोडून बाकी सगळे खूश.

रंग निवडताना स्क्रीनवर डोळे दिपवणारा पोपटी घ्या. छापील शाईत तो मळकट शेवाळी होतो, पण हे प्रिंट हातात पडल्यावरच कळतं आणि प्रिंट काढायचं असतं सबमिशनच्या सकाळी. चाचणीचं प्रिंट ही चैन आहे.

शेवटचं अस्त्र म्हणजे रिपोर्ट. 'मी हा निर्णय का घेतला' हे तिथे लिहायचं असतं, आणि पान छापून आल्यावर निर्णय घेणं फार सोपं जातं. शेवाळी रंग म्हणजे नायिकेच्या मनावर साचलेला भूतकाळ. तुटलेली शिरोरेषा म्हणजे विस्कटलेलं कुटुंब. खोबणीत गेलेलं नाक म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व. इथे 'जाणीवपूर्वक' हा शब्द दोनदा वापरा. तिसऱ्या कॉलमातल्या लॅटिनबद्दल मात्र स्वतःहून काही बोलू नका. परीक्षकांनी विचारलंच तर सांगा, सबटायटल्स आहेत.