‘वीसदा हरलं की डाव लागतोच’ हा मेसेज खोटा आहे

कापसाचे पैसे हाती येताच यवतमाळकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतंय: मोबाइलवरच्या स्लॉटमध्ये, म्हणजे पैसे लावून चित्रं फिरवायच्या आणि सारखी जुळली की जिंकायच्या खेळात, २० वेळा हरलं की पुढचा डाव लागतोच. साफ खोटं. बटण दाबताक्षणी प्रोग्राम एक आकडा काढतो, निकाल तिथंच ठरतो. मागचे डाव तो मोजतच नाही. दोन सत्ते जुळून तिसरा जरा वर अडकला की ‘थोडक्यात हुकलं’ वाटतं. हुकलेलं काहीच नसतं, चित्रं नुसता देखावा.  हिशेब खेळ चालवणाऱ्या मालकाच्याच फायद्याचा. ९५ टक्के परतावा म्हणजे १०० रुपयांच्या डावामागे सरासरी ५ रुपये त्याचे, जिंकलेले पुन्हा लावले की त्यातूनही कापणार. शिवाय केंद्राच्या २०२५ च्या कायद्यानं असे पैशांचे ऑनलाइन खेळ चालवायला बंदी आहे. पोरांनो, असल्या खेळाची लिंक पुढं पाठवू नका. फसवून पैसे काढले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.