'फोटो कोणाचा हे कोण विचारतो?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर 'स्पष्टवक्ता' या नावाने आलेली प्रतिक्रिया भलतीच लांब आहे, म्हणून उत्तरही स्वतंत्रच देतो. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: जुनी नाणी ऑनलाइन विकताना दुसऱ्या विक्रेत्याने काढलेले फोटो उचलून स्वतःच्या जाहिरातीत डकवणं ही फसवणूक आहे, एवढंच मी त्यात म्हटलं होतं. त्यावर स्पष्टवक्त्यांचं म्हणणं असं की नाणं खरं असलं म्हणजे झालं, फोटो कोणाचा हे कोण विचारतो. ठसा शिवाजी महाराजांचा, मग फोटोवर माझी कसली मालकी? मधला माणूस प्रत्येक धंद्यात असतोच. नवख्या पोरांकडे कॅमेरे कुठून येणार? मी स्वतः होनावरच्या (म्हणजे जुन्या सोन्याच्या नाण्यावरच्या) लेखात लिलावाच्या कॅटलॉगमधला फोटो वापरला आहे. आणि वर, "तुमच्यासारख्या प्रस्थापित दुकानदारांना नवीन माणूस उभा राहिलेला बघवत नाही, म्हणून हा नीतीचा आव."

प्रस्थापित दुकानदार! साहेब, माझं दुकान म्हणजे लोखंडी कपाटातला एक खण, आणि त्यातही अर्ध्या जागेत बायकोची बँकेची पासबुकं. महिन्याला चार नाणी गेली तरी आमच्याकडे दिवाळी. मतभेद असू द्या, त्याला माझी कधीच ना नव्हती. पण 'आव' आणि 'बघवत नाही' ही भाषा चर्चेची नाही. शिवाय टोपणनावाच्या आडून दगड मारायचा आणि टोपणनाव मात्र स्पष्टवक्ता घ्यायचं, हे मला जरा गमतीचं वाटलं.

आता माझा या विषयाशी संबंध काय ते एकदा सांगूनच टाकतो. माझे वडील भांड्यांच्या दुकानात कामाला होते. मोडीत आलेल्या तांब्या-पितळेच्या ढिगात शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची जुनी नाणी, निघायच्या, आणि तांब्याच्या भावाने तराजूत पडून भट्टीत जायच्या. वडील स्वतःच्या पगारातून तेवढंच वजन भरून त्यातल्या जमतील तेवढ्या बाजूला काढायचे. आज लोक ज्याला 'स्टॉक' म्हणतात त्याची सुरुवात आमच्या घरात अशी झाली. त्यामुळे नाण्यांशी प्रामाणिक कसं राहायचं, हे तुम्ही मला शिकवू नका.

असो. तुमच्या त्या एका वाक्यावर मात्र मला सविस्तर बोलायचंय. "नाणं खरं असलं म्हणजे झालं."

नाही झालं. शिवराई हे टांकसाळीतल्या यंत्रातून एकसारखं पडलेलं नाणं नव्हे. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं कडं. ठसे हातांनी कोरलेले, तांब्याचे तुकडे हातांनी कापलेले, घाव हातोडीचा. ठसा बहुतेक वेळा तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे कुठे 'श्री' अर्धी कापली जाते, कुठे 'ति' कडेबाहेर जाते, कुठे ठिपके एकाच बाजूला दिसतात. कोरणाऱ्यांचं लेखनही एकसारखं नाही. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'शीव'. एकीचं वजन अकरा ग्रॅम, तर शेजारचीचं तेरा. दोन शिवराया हुबेहूब सारख्या दाखवा, मी हा लेख मागे घेतो. सगळी अक्षरं आणि ठिपक्यांचं कडं शाबूत असलेली शिवराई आणि घासून गुळगुळीत झालेली शिवराई, दोन्ही शंभर टक्के खऱ्या. भावात मात्र कितीतरी पटींचा फरक. गिऱ्हाईक 'खरी शिवराई' घेत नसतं, फोटोतली शिवराई घेत असतं.

मागच्या लेखात जे आवरतं घेतलं होतं ते आता सांगतो. माझ्याकडे एक शिवराई होती, छत्रपतीतली 'ति' निम्मी कडेबाहेर गेलेली आणि कडेला उजवीकडे खाली नखाएवढा टवका. तिचा फोटो मी मुलीच्या प्रॅक्टिकलच्या वहीतल्या आलेखकागदावर ठेवून काढला होता, आकाराचा अंदाज यावा म्हणून. ती गेली, फोटो माझ्या पानावर राहिला. काही महिन्यांनी सोलापूरकडच्या एका गृहस्थांचा फोन. 'नमस्कार' नाही, 'कोण बोलतंय' नाही, सरळ शिव्या. त्यांनी एका ग्रुपवर तो फोटो बघून पैसे पाठवले होते, आणि पार्सलमधून निघाली दुदांडी. म्हणजे उत्तरकाळातली, अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली शिवराई, आणि तीही पार झिजलेली. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केल्यावर त्यांनी फोटोवरून शोध घेतला, तो थेट माझ्या पानावर येऊन पोचला. टवका तोच, आलेखकागद तोच. मग चोर कोण? मी!

बघा, त्यांना मिळालेलं नाणं खरंच होतं. खोटं, ओतीव, बाजारी असं काही नाही, अस्सल दुदांडी. तुमच्या हिशेबाने 'झालं'. स्थळाला धाकट्याचा फोटो पाठवायचा आणि बोहल्यावर थोरल्याला उभं करायचं, वर म्हणायचं की मुलगा तर खराच आहे ना!

हे घडतं कसं तेही समजून घ्या. फोटो उचलणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा नाणं नसतंच. तो माझा फोटो घेतो, भाव वाढवून चार ग्रुपवर टाकतो, आणि गिऱ्हाईक सापडलं की माझ्याकडे येऊन "शेवटचं किती?" विचारतो. मध्यंतरी नाणं विकलं गेलेलं असलं तर? घेतलेले पैसे परत करण्यापेक्षा 'तसलंच' एखादं जुन्या बाजारातून उचलून पाठवणं सोपं. त्याने वजन केलेलं नसतं, कड बघितलेली नसते. ओतीव नकलांच्या कडेवर जोडाची रेघ आणि पृष्ठावर बारीक छिद्रं दिसतात. ती नाणं बोटांत धरून फिरवल्याशिवाय कशी दिसणार? मग 'अस्सल असल्याची हमी' तो कशाच्या जोरावर देतो? माझ्या फोटोच्या. एका महाभागाने तर माझ्या आलेखकागदासकट फोटोखाली 'परदेशातही पाठवू' असं लिहिलं होतं. शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. उद्या चौकशी झाली तर त्या कागदाचे चौकोन कोणाच्या घरातले निघणार?

मधला माणूस असतो हे मला ठाऊक आहे, मीही कधीकधी असतो. पण मी मालकाला विचारतो, नाणं चार दिवस राखून ठेवायला सांगतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो की नाणं माझ्याजवळ नाही. एवढं केलंत तर फोटो खुशाल वापरा, मीच मोठ्या आकारात पाठवतो.

यंत्रावरच्या नाण्यांचं काय, असं तुम्ही जाता जाता विचारलंय. हा मुद्दा थोडासा मान्य. स्वातंत्र्यानंतरचं, टांकसाळीच्या पिशवीतून निघालेलं कोरं नाणं असेल आणि 'फोटो प्रातिनिधिक आहे' असं ठळक लिहिलं असेल तर माझी तक्रार नाही. पण हाच नियम व्हिक्टोरियाच्या रुपयाला लावू नका. १८६२ हे साल नाण्यावर पुढची कितीतरी वर्षं तसंच राहिलं, आणि सालाच्या आसपासच्या ठिपक्यांवरून प्रकार ठरतात. एका ठिपक्याने भाव बदलतो. १९३९ चा मुंबई टांकसाळीचा दुर्मिळ रुपया तर बोलायलाच नको. आकडा खरवडून केलेले '१९३९' इतके फिरतात की भिंगातून बघितल्याशिवाय मी हातात घेत नाही, आणि तुम्ही तो दुसऱ्याच्या फोटोवर विकणार?

कायद्याचं थोडक्यात. ठसा महाराजांचाच, त्यावर मालकी सांगायला मी वेडा नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा, इतकं साधं आहे. आणि १९३० चा माल विक्री कायदा सांगतो की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. ऑनलाइन नाण्याचं खरं वर्णन म्हणजे त्याचा फोटो. बाकी दोन ओळी सगळे एकमेकांच्याच उतरवतात.

होनाच्या फोटोखाली 'साभार' लिहिलेलं आहे, आणि होन मी विकत नव्हतो. विषय संपला.

कॅमेऱ्याचं रडगाणं मला पटत नाही. ज्या मोबाइलवरून तुम्ही एवढी प्रतिक्रिया टाइप केलीत तो पुरतो. सकाळी खिडकीशी बसा, उजेड एका बाजूने आडवा येऊ द्या, म्हणजे झिजलेलं अक्षरही वर उठतं. खाली पांढरा कागद नको, त्यावर तांबं काळंठिक्कर येतं. राखाडी पुठ्ठा घ्या. फ्लॅश बंद. दोन्ही बाजू, एक कडेचा, एक वजनकाट्यावरचा. आणि कृपा करून आधी चिंचेने घासू नका.

तुमची एक गोष्ट मात्र शंभर टक्के मान्य. माझा वॉटरमार्क नाण्याच्या मधोमध येतो आणि 'राजा'वर चढून बसतो, हे खरंच त्रासदायक आहे. पुढच्या फोटोंपासून तो कोपऱ्यात जाईल. कोपरा कापून फोटो लावणाऱ्यांचं फावेल, पण ठीक आहे.

प्रतिक्रियेच्या अगदी शेवटी, एवढं सगळं सुनावून झाल्यावर, तुम्ही विचारलंय की मागच्या लेखातली 'सिव' असा पाठ असलेली शिवराई अजून आहे का आणि तिचं शेवटचं किती. आहे. भाव लिहिलाय तोच, टपालखर्च वेगळा. कडेचे फोटो हवे असतील तर मेल करा, खऱ्या नावाने.