फॅन फिरतोय, पडदा काळा: कार्डाला लगेच दोष नको

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: "घरी जुळवलेल्या पीसीचे फॅन फिरतात, पण मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवतो? म्हणजे पॉवर सप्लाय ठीक, ग्राफिक्स कार्ड उन्हानं जळालं. हेअर ड्रायरनं गरम करा, नाहीतर नवं घ्या."

'फॅन फिरतात म्हणजे सप्लाय ठीक.' फॅनला लागतात जेमतेम दोन-चार वॅट. प्रोसेसरची वीज मदरबोर्डाच्या वरच्या कडेला असलेल्या वेगळ्या 8 पिनी कनेक्टरमधून येते. तो लावायचा राहिला तरी फॅन मजेत फिरतात.

'कार्डच गेलं.' आधी एचडीएमआय केबल कुठे खोचली ते बघा. कार्ड असताना ती बोर्डाच्या पोर्टात असेल, आणि प्रोसेसर इंटेलचा 'एफ'वाला (नावाच्या शेवटी एफ) किंवा रायझन 5 5600 असेल, तर चित्र येणारच नाही. त्यांत ग्राफिक्सच नसतं. मग रॅम. एकच स्टिक ठेवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, 'कट्' आवाज येईपर्यंत दाबून. स्टिकचे काळवंडलेले संपर्क, म्हणजे खालच्या सोनेरी पट्ट्या, पेन्सिलच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतील तर कोणता पेटून अडकलाय ते पाहा. डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, असेल तर कार्डाला हात लावायचं कारण नाही. डीडीआर5 (नव्या पिढीची रॅम) बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना मेमरी ट्रेनिंगमुळे, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असल्यानं, काही मिनिटं पडदा काळाच राहतो. लोक अर्ध्या मिनिटात बटण दाबून बंद करतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं! दहा मिनिटं धीर धरा. तरीही नाहीच, तर प्लग काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर2032 सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत येतात.

'उन्हानं जळालं.' भुसावळला पारा 45 च्या वर जातो, खरंय. पण कार्ड तापलं की स्वतःच वेग कमी करतं, अगदीच हाताबाहेर गेलं तर बंद पडतं. तापण्याचा त्रास गेम अर्धा तास चालल्यावर दिसतो, सकाळी थंड पीसी चालू करताना नाही. त्यापेक्षा कूलरचं तोंड कॅबिनेटकडून फिरवा. ओलसर हवा आणि धूळ मिळून संपर्कांवर थर बसतो.

ड्रायरचं तर बोलूच नका. गरम केल्यावर कार्डावरचे सुटलेले डाख वितळून पुन्हा जुळतील, ही त्यामागची आशा; पण शिशाविना डाख साधारण 217 अंशांना वितळतो. ड्रायर तिथवर पोचत नाही, फॅनचं प्लॅस्टिक मात्र वाकतं.

कार्डावर संशय उरलाच, तर ते दुसऱ्या चालू पीसीत, कार्डाला वीज देणाऱ्या 6 किंवा 8 पिनी वायरी नीट जोडून लावा. तिथेही चित्र नाही आलं, तरच नव्याचा भाव विचारा.