अडीच तास नव्हे, एक तास दहा मिनिटं

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय परवा रात्री जेवताना मुलीने वाचून दाखवला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय: "परवाना, आधार, पैसे सगळं घेऊन सत्तर किलोमीटरवरून कोल्हापूरला आलो. अडीच तास बसवून ठेवलं, हातातलं रिव्हॉल्व्हर हिसकावून घेतलं, फोनवर सांगितलेला भाव बदलला आणि शेवटी देणार नाही म्हणाले. कॉलेजच्या पोराला मात्र माझ्यासमोर पिस्तूल बांधून दिलं. ऑफिसवाल्यांशी साटंलोटं असल्याशिवाय इथं काम होत नाही."

दिवाळीच्या तोंडावर, शनिवारची वेळ काढून आलात आणि रिकाम्या हाताने परत गेलात. त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. बोलताना माझा आवाज एकदा चढला, तेही चुकलं.

पण ते अडीच तास माझ्या डोक्यातून जाईनात. दुकानात कॅमेरे आहेत, त्यामुळे काल सकाळी बसून ११ ऑक्टोबरचं रेकॉर्डिंग पाहिलं. तुम्ही आत आलात ५ वाजून ४२ मिनिटांनी. बाहेर पडलात ६ वाजून ५२ मिनिटांनी. म्हणजे एक तास दहा मिनिटं. आलात तेव्हा काउंटरवर राधानगरीकडचे एक शेतकरी होते, त्यांना बारा बोअरची काडतुसं द्यायची होती. लोकांना वाटतं, काडतुसं म्हणजे डबा उचलून द्यायचा. तसं नसतं. किती नग दिले ते त्यांच्या परवान्यावर चढवायचं, आमच्या रजिस्टरला चढवायचं, त्यांची सही घ्यायची. त्यात तेरा मिनिटं गेली. तेवढ्यात दुकानात काम करणाऱ्या मामांनी तुम्हाला खुर्ची आणि पाणी दिलं. ५.५५ ला परवाना माझ्या हातात आला. ६.०५ ला मी तुम्हाला सांगितलं, "दादा, हा परवाना वडिलांच्या नावावर आहे. यावर तुम्हाला देता येणार नाही." म्हणजे तुमच्या कामाचं उत्तर तेवीस मिनिटांत मिळालं होतं. पुढचा पाऊण तास मी बसवून ठेवलं नव्हतं. तुम्ही ओळखीच्या माणसांना फोन लावत होता आणि तीन वेळा फोन माझ्या हातात दिलात. तिघांशीही मी अदबीने बोललो. तिघांनाही तेच सांगितलं. त्यातले एक जण तर मला म्हणाले, "द्या हो, कागदाचं नंतर बघू." दादा, माझ्या धंद्यात कागदाचं नंतर बघता येत नाही. समोरच्या माणसाला शस्त्र बाळगायचा अधिकार आहे की नाही, याची खात्री न करता ते त्याच्या हाती दिलं, तर शस्त्र कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा देणाऱ्यावर होतो. दुकानाचा परवाना जातो तो वेगळाच. मग आजोबांपासून तीन पिढ्या चाललेलं हे दुकान, मामा आणि मागे वर्कशॉपमध्ये बसणारी दोन मुलं, सगळ्यांनी घरी बसायचं.

परवान्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा खरा राग तिथला आहे आणि तो मला समजतो.

शस्त्राचा परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो. आडनाव तेच असलं, आधारवर पत्ता तोच असला, तरी वडिलांच्या परवान्यावर मुलाला खरेदी करता येत नाही. दुसरी अडचण मी तुम्हाला पान उघडून बोट ठेवून दाखवली होती. वडिलांच्या परवान्यावर आधीच दोन नोंदी आहेत, एक डबल बॅरल आणि एक जुनं .३२ रिव्हॉल्व्हर. पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता यायची, २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. त्यामुळे वडील स्वतः गाडीतून उतरून दुकानात आले असते, तरी तिसरं देता आलं नसतं. आधी एक रीतसर विकून परवान्यावरून कमी करून घ्यावं लागलं असतं. हे मी केलेलं नाही. त्या दुरुस्तीनंतर किती जणांनी घरातली तिसरी बंदूक डोळ्यांत पाणी आणून आमच्याकडे जमा केली, ते या काउंटरने बघितलंय. माझाही धंदा त्याने कमीच झाला.

तुम्ही म्हणालात की तुमच्या स्वतःच्या नावाचा अर्ज चौदा महिने पडून आहे. रात्री रोकड घेऊन एकट्याने गाडी चालवता, दोनदा कुणीतरी पाठलाग केला, आणि परवान्याच्या ऑफिसात गेलं की "पोलिसांचा अहवाल आला नाही" एवढंच ऐकायला मिळतं. हे तुम्ही सांगत होता तेव्हा मी मान हलवत होतो ती खोटी नव्हती. माझ्याकडे आठवड्याला असे दोन-तीन जण येतात. नियमात पोलीस अहवालाला तीस दिवस आहेत, आणि अहवाल आल्यावर निर्णयाला साठ. इथे माणूस ऑनलाइन अर्ज भरतो, डॉक्टरांचा दाखला जोडतो, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडतो आणि मग वर्ष-वर्ष थांबतो. चौकशी व्हायलाच हवी, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कुणाच्या हातात काय जातंय हे तपासलंच पाहिजे, ते मी रोज करतो. पण हो की नाही, यातलं एक तरी उत्तर माणसाला वेळेत मिळालं पाहिजे.

आणि म्हणून त्या दिवशी गडबडीत सांगायचं राहिलं ते इथे लिहितो. कायद्याच्या कलम १३ मध्येच म्हटलंय की ठरलेल्या मुदतीत पोलीस अहवाल आला नाही, तर त्याची वाट न बघता परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला निर्णय घेता येतो. हे कलम लिहून, अर्जाचा क्रमांक टाकून एक साधं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. नाकारलं तर कारण लेखी मागा, कलम १८ खाली वर अपील करता येतं. दुसरं म्हणजे वडील ७४ वर्षांचे आहेत, आणि परवान्यावरची नोंद १९८८ ची आहे. शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम २५ प्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की तो हयात असतानाच ते वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतो. तुमच्या बाबतीत दोन्ही बसतात. भावंडांची ना हरकत लागेल. त्यात नवीन शस्त्र मिळणार नाही, वडिलांचं .३२ तुमच्या नावावर येईल. ते रिव्हॉल्व्हर चांगलं आहे दादा, जुन्या बनावटीचं आहे म्हणून टाकाऊ नाही.

आता हिसकावण्याबद्दल. "निदान बघू तरी द्या" असं तुम्ही म्हणालात, म्हणून मामांनी प्रबल नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. कानपूरचं, २०२३ साली बाजारात आलेलं. त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो, जुन्या .३२ सारखं ते मधून दुमडून उघडावं लागत नाही, एवढंच मामा दाखवत होते. सिलिंडर रिकामा होता. तुम्ही काउंटरवरून हात पुढे करून ते घेतलंत, सिलिंडर बंद केलात आणि बोट थेट चापावर ठेवलंत. नळी बाकावर बसलेल्या त्या कॉलेजच्या मुलाकडे होती. रिकामं आहे हे मला माहीत होतं. तरी माझा हात आपोआप गेला. वडिलांनी मला सातव्या वर्षी पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की रिकामी बंदूकसुद्धा भरलेली समजायची आणि नळी माणसाकडे करायची नाही. मी ओढून घेतलं हे खरं आहे. तोंडाने सांगून घ्यायला हवं होतं, चारचौघांत तुम्हाला अपमान वाटला असणार. पण पुन्हा तशी वेळ आली तर माझा हात पुन्हा जाईल, हेही खोटं कशाला बोलू?

भावाचं थोडक्यात सांगतो. तुमचा फोन गणपतीच्या आधी आला होता. तेव्हा रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, तो ४० टक्के झाला. टीव्हीवर सगळं स्वस्त झालं म्हणून सांगत होते, त्याच दिवशी आमचं महाग झालं. एक लाखाच्या मूळ किमतीला बारा हजारांचा फरक पडतो. त्यातला एक रुपया माझ्या गल्ल्यात येत नाही. भाव बदलल्याचं तुम्हाला फोन करून कळवायला हवं होतं, ते राहिलं, ही चूक माझी.

आणि तो मुलगा. त्याने नेलं ते एअर पिस्तूल, ०.१७७ चं, छर्ऱ्याचं. छर्रा सुटतानाचा जोर वीस जूलच्या आत असेल तर त्याला शस्त्र परवाना लागत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकल्यापासून आमच्याकडे अशी मुलं जास्त येतात. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाचे गिरणीत आहेत. या मुलाचे पैसे त्याच्या आईने भिशीतून उचलले होते, आणि तो सगळा वेळ पावती घडी करून खिशात ठेवायचा, परत काढून बघायचा. त्याला मी ओळखीवर काही दिलं असं वाचणाऱ्याला वाटेल, याचं मला फार वाईट वाटलं.

साटंलोटं हा शब्द मात्र काढा, अशी हात जोडून विनंती आहे. एक स्टार राहू द्या. खंडेनवमीला दुकानात पूजा करताना आजोबांच्या फोटोसमोर आम्ही त्यांचं पहिलं रजिस्टर ठेवतो. त्यात खाडाखोड नाही, आजच्याही रजिस्टरमध्ये नाही. तपासायला अधिकारी कधीही येतात आणि पहिल्या पानापासून बघतात. परवाना मिळवून देतो म्हणून मी कुणाकडून चहाचेही पैसे घेतलेले नाहीत. उलट परवाने वेळेवर निघाले तर गिऱ्हाईक माझ्याकडेच येणार आहे, अडवून मला काय मिळणार? आता नवीन विक्रीवर दुकान चालतच नाही. दुरुस्ती, काडतुसं, आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत लोक शस्त्रं ठेवायला आणतात त्यावर चाललंय. त्यात नेटवर कुणी "साटंलोटं" वाचलं, तर तेही येणार नाहीत. पेठेत नाव जायला वेळ लागत नाही, दादा.

दुकानात सुधारणा करतोय. दारावर बोर्ड लावणार आहोत की परवाना ज्याच्या नावावर त्यानेच यावं. लांबून येणाऱ्यांनी आधी परवान्याच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, तर निघायच्या आधीच सांगता येईल. भाव बदलले तर कळवायचंही बघतो. बाकी मामांशी बोलून काय करता येईल ते करतोच.

एक महत्त्वाचं. तुमच्या अर्जाची पोचपावती त्या दिवशी आमच्या काउंटरवर राहिली आहे, फोन लावताना तुम्ही ती काचेवर ठेवली होती. वर लिहिलेल्या पत्रासाठी तिच्यावरचा क्रमांक तुम्हाला लागेल. मामांनी ती पाकिटात घालून रजिस्टरखालच्या खणात ठेवली आहे. तुमचा फोन दोनदा लावला, उचलला नाहीत. पत्ता कळवलात तर उद्याच कुरिअर करतो, पैसे द्यायचे नाहीत.