‘फोनवरून बोलल्यासारखा आवाज’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

लेकीच्या पाठवणीसाठी तुम्ही स्वतः गाणं लिहिलंत, चाल लावलीत, मोबाइलवर गायलात. ‘गाणं फोनवर रेकॉर्ड करा, मिक्सिंग आम्ही करतो’ ही आमची जाहिरात बघून 1,800 रुपये भरलेत. आणि हॉलमध्ये ते लागल्यावर व्याह्यांनी विचारलं, ‘हे फोनवरून गातायत का?’ रिव्ह्यूत एक तारा दिलात यात काही नवल नाही.

मिक्सिंगने, म्हणजे आवाज आणि पेटीचा मेळ घालताना आम्ही, आवाज बिघडवला, हे तुमचं म्हणणं मात्र खरं नाही. तुमची मूळ फाइल काल पुन्हा उघडली. 8 किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे अगदी उंच, धारदार आवाजांच्या पट्ट्यात, त्यात काहीच नाही, सुरीने कापल्यासारखं. तुमचा आवाज फोनच्या माइकवर आलाच नव्हता, कानातल्या ब्लूटूथ इअरबडच्या माइकवर आला होता. तो माइक चालू झाला की जोडणी कॉलच्या मोडमध्ये जाते आणि बहुतेक इअरबडवर आवाजाचे सेकंदाला 16 हजारच नमुने घेतले जातात; त्याच्या निम्म्यापर्यंतच, म्हणजे 8 किलोहर्ट्झपर्यंतच, आवाज टिकतो. फोनचा स्वतःचा माइक 44,100 किंवा 48,000 घेतो. ‘सासर’मधल्या ‘स’ची बरीच धार तिथेच गेली. फाइलमध्ये जे नाही ते वर काढायला गेलो तर नुसती खरखर वर आली. व्याह्यांचा कान पक्का आहे म्हणायचा!

पेटी मध्येच बुडते, तेही याच मोडमुळे. कॉलसाठी केलेली गोंगाट कापायची सोय संथ, लांब सुराला पंख्याची घरघर समजते आणि दाबते. अंतऱ्यात तुम्ही ठेक्याच्या मागे पडलात, तो दोषही गळ्याचा नाही. ब्लूटूथवर स्वतःचाच आवाज उशिरा कानात येत असेल तर भलेभले रेंगाळतात.

आता आमची चूक, आणि ती मोठी आहे. हे सगळं पहिल्याच दिवशी आमच्या मुलाने मला दाखवलं होतं. लग्नाची घाई आहे, त्यांना पुन्हा कुठे गायला लावायचं, असं म्हणून मी काम पुढे रेटलं. त्याच वेळी फोन करायला हवा होता. शिवाय आमच्या सूचनांच्या कागदावर ‘हेडफोन लावा’ एवढंच होतं, ‘वायरचे’ हा शब्दच नव्हता. आता घातलाय. तुमचे पूर्ण पैसे आज परत केलेत.

‘परदेशात आयफोनवर अख्खी गाणी होतात, मग माझंच का नाही?’ असं तुम्ही विचारलंय. होतात. स्टीव्ह लेसी हा अमेरिकन गायक-गिटारवादक आयफोनवरच्या गॅरेजबँड या गाणी बनवायच्या अ‍ॅपमध्ये गाणी करून नावारूपाला आला. गिटार तो आयरिग नावाच्या छोट्या जोडणीतून फोनमध्ये घालायचा आणि गायचा थेट फोनच्या माइकसमोर. तुमचा फोनही याला कमी पडलेला नाही.

लग्नाचा दिवस काही परत आणता येणार नाही. पण दिवाळसणाला लेक-जावई येतील, तोवर पुन्हा गाणार असाल तर मिक्सिंग आमच्याकडून, पैसे न घेता. आधी पेटी वाजवून घ्या, मग ती वायरच्या इअरफोनवर ऐकत गा, एक कान मोकळा ठेवून. इअरफोनलाही माइक असतो, म्हणून सुरू करण्याआधी रेकॉर्डिंग लावून फोनच्या खालच्या कडेवर नखाने टकटक करा, मग इअरफोनच्या माइकवर. जिथली टकटक मोठी, तो माइक चालू. फोनचा हवा. खोली गाद्या-उशांची बघा, पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. या वेळी ती आली की आधी मी स्वतः ऐकेन आणि त्याच दिवशी तुम्हाला फोन करेन.